पशुरोगकारक जिवाणूंमधील जनुक-संक्रमण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

धाराशिव (उस्मानाबाद) हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा होय. पाऊस हुकला की येथील अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांस उस्मानाबादी शेळीचाच आधार उरतो. साहजिकच पशूंवरील प्रतिजैविके निष्प्रभ ठरणे हा येथे उपजीविकेचा प्रश्न बनतो.

औषध-प्रतिकार हा उत्परिवर्तनातून उद्भवून पुढील पिढ्यांत उतरतो, अशी पूर्वी धारणा होती. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी हगवणीच्या शिगेला जिवाणूंतील अनेक औषधांचा प्रतिकार ई. कोलाय या निराळ्या जिवाणूंत संक्रमित होतो, हे दाखवून दिले. या संक्रमणाचे वाहक म्हणजे प्लाझ्मिड, अर्थात गुणसूत्राहून स्वतंत्र असलेले डीएनएचे रेणू. एकाच प्लाझ्मिडवर अनेक प्रतिकार-जनुके असू शकत असल्याने एका औषधाच्या अतिवापराने इतर औषधेही निकामी होऊ शकतात. ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ मध्ये मानवी उपचारातील प्रतिजैविके पशूंच्या वाढीसाठी खाद्यात मिसळू नयेत, अशी शिफारस केली. तथापि, २०१५ मध्ये चीनमधील डुकरांपासून मिळालेल्या जिवाणूंत कोलिस्टिन-प्रतिकाराचे जनुक प्लाझ्मिडवर आढळले. भारताने अन्नोत्पादक पशूंसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली ती जुलै २०१९ मध्ये.

तात्पर्य, संक्रमणाच्या शोधापासून या बंदीपर्यंत साठ वर्षे लोटली. वेळेवर लसीकरण व पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच औषधोपचार, हे त्या इतिहासाचे सार गोठ्यापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.