पोलोचे मागचे ड्रम

मंडळी, २०१३ साली चाकणहून पोलो जीटी टीएसआय आली. १०५ पीएस, पुढे डिस्क, मागे मात्र ड्रम! हौशी लोकांना वाटतं, मागेही डिस्क टाकली की काम झालं.

१९५३ साली जॅग्वारने ल मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेकवर जिंकली. डिस्क उघडी असते, लवकर थंड होते. म्हणजे मूळ भांडण उष्णतेशी! ८० ऐवजी १०० च्या वेगावरून थांबताना ती दीडपटीहून जास्त. त्यातही ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, बरंचसं काम पुढचीच चाकं करतात.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. असं जुनं ऑइल घाटात उकळलं, की पेडल सरळ खाली जातं, डिस्क कितीही मोठी असो. भारतात पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, म्हणजे आता सगळ्या वापरलेल्याच. तेव्हा राव, आधी ऑइल बदला!