सनद आणि शीव
१७४० पर्यंत रेवदंड्यात पोर्तुगीज, तर अलिबागेत आंगरे. मधल्या नागावच्या माणसाला एका सकाळच्या चालीत दोन अंमल लागत. पुढे आंगऱ्यांचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले, १८६९ मध्ये कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला आणि ती शीव पुसली.

व्यवसायांच्या शिवा मात्र उशिरा पुसल्या. नोंदणीकृत डॉक्टरला देशभर व्यवसायाची मुभा १९५६ च्या कायद्याने दिली. वकिलांसाठी तेच सांगणारे १९६१ च्या कायद्याचे कलम ३० प्रत्यक्ष लागू झाले १५ जून २०११ रोजी. पन्नास वर्षे ते नुसते छापलेले होते!

समाजकार्यकर्त्याला सनदच नाही. त्याचे रीतसर शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला सुरू झाले. पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. त्यांच्या मायदेशी आज राज्यागणिक परवाना लागतो. परस्परमान्यतेचा करार सात राज्यांनी स्वीकारल्यावर २०२४ मध्ये कुठे अमलात आला. आपल्याकडे कोणीही कुठेही जावे.

वरवर ही मोकळीकच. पण वेठबिगार निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याचे कलम १३ पाहावे. जिल्हा दक्षता समितीवर दोन समाजकार्यकर्ते हवेत, आणि ते त्याच जिल्ह्यात राहणारे हवेत. स्थानिक माहिती असावी हा हेतू रास्तच. मात्र त्यात मजूर आपल्या जिल्ह्यातच राबतो असे गृहीत धरले आहे.

रायगडातली कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, काही थेट कर्नाटकात कोळसा पाडायला. तिथे एखादे कुटुंब अडकले तर चौकशी तिथल्या जिल्हाधिकाऱ्याची, समिती तिथली, भाषा कन्नड. कुटुंबाची वाडी, उचल देणारा मुकादम, घरी राहिलेली म्हातारी माणसे हे सारे ज्याला ठाऊक, तो कार्यकर्ता अलिबाग-पेणकडचा. त्याला सीमेवर कोणी अडवत नाही, पण तिथल्या समितीत त्याला जागाही नाही. फार तर दुभाषा म्हणून उभे करतात.

म्हणून नुसती सनद मागणाऱ्यांशी माझे पुरते जुळत नाही. सनदेने शिकलेला आणि हौशी यांतला फरक कळेल. दुसऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे अहवाल ठेवण्याचा हक्क तेवढ्याने मिळणार नाही. तो कायद्यात वेगळा लिहावा लागेल. आज मुक्तीचा दाखला तिकडच्या सहीने निघतो, घर उभारायचे इकडे. मधल्या प्रवासात कुटुंबासोबत एसटीत बसलेला असतो, तो हाच बिनसनदी माणूस.