जुन्नर: राजधानीच्या खुणा आहेत, पण त्या शहराचं मूळ नाव काय?

जुन्नर म्हटलं की शिवनेरी आठवतो. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म या किल्ल्यावर झाला. पण त्याच्याही सुमारे दीड हजार वर्षं आधी कुकडी नदीकाठचं हे ठिकाण दख्खनमधलं मोठं शहर होतं. काही अभ्यासकांच्या मते ती क्षत्रप राजा नहपानाची राजधानी होती. त्या काळात या शहराला काय म्हणत, याचं उत्तर मात्र आजही ठामपणे देता येत नाही.

'जुन्नर' हे नाव 'जीर्णनगर' म्हणजे जुनं नगर यावरून आलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तसं असेल तर हे नाव पडलं तेव्हाच गाव जुनं झालेलं होतं. पंधराव्या शतकात आलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन याने इथे पावसाळा काढला. त्याच्या लिखाणात हे गाव जुन्नरशी मिळत्याजुळत्या नावानेच येतं. मूळ नाव त्याआधीच मागे पडलं होतं.

शहर मोठं होतं, हे कशावरून?

पहिला पुरावा नाणेघाटाचा. कल्याण बंदरातून कोकणात उतरलेला माल या घाटाने वर येई आणि जुन्नरमार्गे पुढे प्रतिष्ठान म्हणजे आजच्या पैठणकडे जाई. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे. तिथे राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळेही कोरलेले होते. ते नष्ट झाले, पण त्यांच्या वरची नावं अजून वाचता येतात.

दुसरा पुरावा लेण्यांचा. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरीच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांचे गट आहेत. त्यांतल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या एका दात्याने दिलं. इतर लेखांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी म्हणजे संघटना भेटते, तसेच स्वतःला 'यवन' म्हणवणारे तीन दातेही भेटतात. एवढ्या लेण्यांचा खर्च उचलणारी श्रीमंत वस्ती जवळपास असल्याशिवाय हे शक्य नव्हतं.

राजधानीचा दावा कुठून आला?

मानमोडीच्या डोंगरातल्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पाण्याचं टाकं आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे. लेखात ४६ हे वर्ष आहे. ते शक संवताचं धरलं तर इसवी सन १२४ येतं. राजाचा मंत्री इथे दान देतो, म्हणजे कारभाराचं ठाणंही इथेच असावं, असा तर्क केला जातो.

या तर्काला मर्यादा आहे. नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख नाशिक आणि कार्ले इथेही आहेत. त्यामुळे नुसत्या दानलेखावरून राजधानी सिद्ध होत नाही. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि हा प्रदेश पुन्हा सातवाहनांकडे आला.

नाव शोधण्याचे प्रयत्न

'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणसोबत 'तगर' या बाजारपेठेचं नाव येतं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तगर म्हणजे जुन्नर, असं मत मांडलं होतं. पण १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं दाखवून दिलं आणि तेच मत पुढे मान्य झालं. पेरिप्लसमध्येच 'मिन्नगर' नावाची राजधानी आहे. तिचा राजा नहपान असावा, असं मानतात, पण हे शहर कोणतं यावर एकमत नाही.

बायबलमधलं उलटं कोडं

हिब्रू बायबलमधल्या 'तिरसा' या शहराबाबत नेमकं उलटं घडलं. अम्री राजाने शोमरोन वसवण्याआधी इस्रायलच्या उत्तरेकडच्या राज्याची राजधानी तिरसा इथे होती. नाव ग्रंथात टिकलं, जागा विस्मरणात गेली. नाब्लुसजवळच्या एका टेकाडावर रोलाँ द व्हो यांनी १९४६ ते १९६० या काळात उत्खनन केलं. तिथे अर्धवट सोडलेली एक मोठी इमारत सापडली. राजधानी हलवल्याने बांधकाम थांबलं असावं, असा अर्थ त्यांनी लावला. आज बहुतेक अभ्यासक हेच ठिकाण तिरसा मानतात.

जुन्नरच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातही असंच उदाहरण आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठिकाण घोडेगाव आहे, नाव मात्र आंबेगावचंच चालतं.

उत्तर मिळेल का?

मिळू शकतं. उत्तर प्रदेशात पिप्रहवा इथे १९७० च्या दशकात 'कपिलवस्तू' असं नाव असलेले मातीचे ठसे सापडले आणि त्या जागेच्या ओळखीला मोठा आधार मिळाला. जुन्नरमध्येही असा एखादा ठसा किंवा लेख सापडला, तर प्रश्न बराचसा सुटेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे केलेल्या उत्खननात सातवाहन काळातल्या वस्तीचे अवशेष मिळाले आहेत.

अडचण अशी की, जुनं शहर आजच्या वस्तीच्या आसपास आणि काही भागांत थेट तिच्याखाली आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला कायद्याने बंदी आहे. डोंगरातली लेणी दिसतात, म्हणून ती संरक्षित झाली. घरांखालच्या मातीच्या थरांना असं संरक्षण आपोआप मिळत नाही. पाया खणताना निघालेलं खापर किंवा ठसा राडारोड्यासोबत फेकला गेला, तर तो कुठल्या थरात होता ही माहितीही कायमची जाते. त्यामुळे अशी वस्तू दिसली तर ती न हलवता पुरातत्त्व विभागाला किंवा तहसील कार्यालयाला कळवणं महत्त्वाचं. या शहराचं नाव कदाचित अशाच एखाद्या तुकड्यावर असेल.