पेव, संहिता आणि हक्क : दख्खनमधील अन्नसुरक्षेच्या इतिहासाचे एक विवेचन

१

'अन्नसुरक्षा' हा शब्द मराठीत नवा आहे, पण त्यामागील प्रश्न नवा नाही. १९७४ साली रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न परिषदेने या कल्पनेची जी मांडणी केली, तिचा भर धान्याच्या पुरवठ्यावर होता. जगात सर्वकाळ पुरेसा साठा असावा आणि भाव स्थिर राहावेत, असा तिचा आशय होता. त्याच नगरीत १९९६ साली भरलेल्या जागतिक अन्न शिखर परिषदेने पुढचे पाऊल टाकले. अन्न आहे किंवा नाही एवढेच पाहून भागत नाही, ते प्रत्येक माणसाच्या हाती पोचते की नाही हे पाहावयास हवे, असे तिने प्रतिपादिले. या दोन व्याख्यांमध्ये बावीस वर्षांचे अंतर आहे. दख्खनच्या दुष्काळाचा इतिहास पाहू गेल्यास मात्र असे आढळते की, हाच वाद येथील कलेक्टर कचेऱ्यांत, दुष्काळी कामांवर व वृत्तपत्रांच्या स्तंभांत त्यापूर्वी शंभर वर्षे चालू होता. त्या वादाचा मागोवा घेणे व त्यातून अन्नव्यवस्थेच्या टिकाऊपणाविषयी काय निष्पन्न होते ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दख्खनमधील दुष्काळ कसे संपले, याची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले उत्तर असे की, आगगाडी आली, धान्याची ने-आण सुलभ झाली आणि उपासमार संपली. दुसरे असे की, संकरित बियाणे व खते आली, उत्पादन वाढले आणि प्रश्न मिटला. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. आगगाडी सुरू झाल्यानंतरच या प्रदेशाने आपला सर्वांत भीषण अर्वाचीन दुष्काळ पाहिला. आणि ज्या वर्षी उपासमारीचे थैमान टळले, त्या वर्षी शेतात पीक जवळजवळ नव्हतेच.

२

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत येणारा प्रदेश, म्हणजे सातारा, पुणे व अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांचा पूर्वभाग, सोलापूर आणि मराठवाड्याचा बराच भाग, हा अवर्षणप्रवण आहे. येथील शेतकऱ्याने या वस्तुस्थितीशी जी तडजोड केली होती तिचे मुख्य साधन ज्वारी हे होय. परतीच्या पावसाने काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. दाणा माणसास व कडबा जनावरास अशी तिची दुहेरी उपयुक्तता असते. बैल जगला तरच पुढील वर्षाची पेरणी होते, म्हणून कडब्याला दाण्याइतकेच मोल होते.

या व्यवस्थेचा दुसरा आधार म्हणजे पेव. कोरड्या, उंचवट्याच्या जागी जमिनीत खोल खड्डा करून, त्याच्या बाजूंस कडब्याचे अस्तर देऊन त्यात ज्वारी भरीत व तोंड मातीने बंद करीत. असे धान्य काही वर्षे टिके. चांगल्या वर्षीचा वाढावा वाईट वर्षाकडे वळविण्याची ही रीत होती. परंतु तिचे उदात्तीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. पेव होते ते पाटील-कुळकर्ण्यांचे, सावकाराचे, सधन कुणब्याचे. बलुतेदार व भूमिहीन यांना त्यातील धान्य मिळावयाचे ते कर्ज म्हणून, बलुते म्हणून किंवा दया म्हणून. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारे भुकेलेल्यांसाठी उघडली, ही परंपरागत कथा महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या जतन केली. तिचा ऐतिहासिक तपशील काहीही असो, तिच्यातून एक सामाजिक सत्य व्यक्त होते. कोठार भरलेले असते आणि दाराबाहेर लोक उपाशी असतात. ते दार उघडणे हे एका सत्पुरुषाच्या अंतःकरणावर अवलंबून असते. हक्काची कल्पना येथे अद्याप अवतरलेली नाही.

३

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस फसला. त्या पूर्वीच या प्रदेशाची अर्थव्यवस्था आतून पोखरली गेली होती. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव पुढे कोसळला, साऱ्याची फेरआकारणी झाली आणि कर्जबाजारी कुणब्यांचा असंतोष १८७५ च्या दंग्यांतून प्रगट झाला. अशा स्थितीत अवर्षण आले तेव्हा शेतीची कामे थांबली आणि मजुरी बंद पडली. मुंबईहून रायचूरपर्यंत लोहमार्ग तयार होता व त्यावरून धान्यही येत होते. परंतु ज्याच्या गाठी दाम नाही त्याला बाजारातील धान्याचा उपयोग काय? उलट लोहमार्गाने भाव सर्वत्र सारखे वर नेले आणि ज्या गावात थोडेफार धान्य होते तेथूनही ते अधिक पैसा देणाऱ्या बाजाराकडे ओढले गेले.

येथे सर रिचर्ड टेंपल यांच्या भूमिकेचा विचार करणे उद्‌बोधक ठरते. १८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला असता याच टेंपल साहेबांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हस्ते साहाय्य केले होते. मृत्यूंची संख्या अत्यल्प राहिली आणि त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळण्याऐवजी उधळेपणाचा ठपका आला. १८७७ च्या आरंभी ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून मुंबई व मद्रास इलाख्यांत आले, ते काटकसरीचा निर्धार करूनच. दुष्काळी कामावरील मजुरास एक रत्तल धान्याची किंमत व त्यावर किरकोळ रोकड, हे 'टेंपल वेतन' म्हणून कुप्रसिद्ध झालेले प्रमाण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. कठोर श्रम करणाऱ्या माणसाचे एवढ्यावर पोषण होणार नाही, असा आक्षेप मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी स्पष्टपणे घेतला होता.

मुंबई इलाख्यात या धोरणास जो प्रतिकार झाला त्याकडे इतिहासकारांचे जावे तेवढे लक्ष गेलेले नाही. वेतन कमी केले आणि मजुरांना गावापासून दूरच्या कामांवर जावयास सांगितले, तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. भुकेलेल्या माणसांनी पुकारलेला हा संप होता. गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती निवेदनांच्या रूपाने सरकारपुढे मांडली. या निवेदनांचा सूर याचनेचा नाही. रयतेला जगविणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे आणि ते पार पाडले जाते की नाही हे तपासण्याचा अधिकार लोकांस आहे, अशी भूमिका त्यांत गृहीत धरलेली दिसते. या दुष्काळात ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांवर माणसे मरण पावली, असा पुढील दुष्काळ आयोगाचाच अंदाज होता.

४

सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० साली आपला अहवाल सादर केला. त्याचे वैचारिक महत्त्व असे की, अवर्षणाचा पहिला आघात शेतमजुरीवर होतो व दुष्काळ हा मुख्यतः रोजगार आणि त्याबरोबर खरेदीशक्ती नाहीशी झाल्याने येतो, हे त्याने ओळखले. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचे विश्लेषण करून जो सिद्धान्त मांडला, त्याचे बीज या सरकारी अहवालात सापडते असे म्हणावयास हरकत नाही. या अहवालावरून १८८३ साली दुष्काळ-संहितेचा मसुदा तयार झाला आणि प्रांतोप्रांती त्याच्या आवृत्त्या निघाल्या. दुष्काळाची चिन्हे कोणती, कसोटीची कामे केव्हा उघडावीत, धान्याच्या भावाशी मजुरीची सांगड कशी घालावी, अपंग व वृद्धांना मोफत साहाय्य कसे द्यावे, याचे तपशीलवार नियम तीत घालून दिले होते.

परंतु ही संहिता म्हणजे अधिकाऱ्यांना दिलेली सूचना होती. तो रयतेला दिलेला कायदेशीर हक्क नव्हता. दुष्काळ जाहीर करावयाचा की नाही, हे सरकारच ठरविणार. या दोहोंतील अंतर लोकमान्य टिळकांनी अचूक हेरले. १८९६-९७ च्या दुष्काळात 'केसरी'तून व सार्वजनिक सभेच्या प्रतिनिधींकरवी त्यांनी संहितेतील तरतुदी गावोगावच्या शेतकऱ्यांना समजावून दिल्या आणि सरकारने स्वतःच केलेले नियम पाळावेत अशी मागणी करावयास त्यांना उद्युक्त केले. सूचनेला हक्काचा अर्थ देण्याचा हा प्रयत्न होता. सरकारला तो किती झोंबला हे, १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेण्यात आली, यावरून कळून येते. १८९९-१९०० चा दुष्काळ संहिता अस्तित्वात असतानाच आला व त्यानेही प्रचंड मनुष्यहानी केली. पुढे १९४३ मध्ये बंगालच्या सरकारने दुष्काळ रीतसर जाहीरच केला नाही आणि संहिता कागदावरच राहिली. जाहीर करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती नाकारण्याचाही अधिकार असतो, हा या शोकांतिकेचा धडा होय.

५

१९७०-७१ पासून ओळीने तीन वर्षे महाराष्ट्रात पावसाने ओढ दिली व १९७२-७३ साली पिकांची वाताहत झाली. पूर्वीच्या दुष्काळांशी तुलना करता, नैसर्गिक आपत्ती म्हणून हे संकट कोणत्याही अर्थाने सौम्य नव्हते. राज्याराज्यांमधील खाजगी धान्य वाहतुकीवर निर्बंध होते आणि केंद्राकडून मिळणारे धान्य अपुरे होते. तरीसुद्धा पूर्वीसारखी मनुष्यहानी झाली नाही. याचे कारण दुष्काळी कामांच्या अभूतपूर्व विस्तारात शोधले पाहिजे. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशा कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने राबत होत्या. त्या कामांवरील 'सुकडी' आणि रेशनवरचा लाल मिलो यांच्या आठवणी खेड्यापाड्यांत दीर्घकाळ टिकल्या. ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाच्या अभ्यासातून असे दाखविले की, एकूण उपलब्ध धान्य फार घटले असतानाही ती घट निरनिराळ्या वर्गांत बऱ्याच अंशी वाटली गेली. मजुरीच्या पैशाने गरिबांच्या हाती खरेदीशक्ती दिली व ती धान्य आपल्याकडे ओढून घेऊ शकली.

हे आपोआप घडले नाही. मोर्चे, घेराव, विधिमंडळातील खडाजंगी, वृत्तपत्रांतील टीका, आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांची महागाईविरोधी चळवळ, या सर्वांचा दाब शासनावर होता. १८७७ च्या संपकरी मजुराला मतदानाचा अधिकार नव्हता. १९७३ च्या मजुराला तो होता.

विधानपरिषदेचे अध्यक्ष वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या काळात रुजली. १९७२ मध्ये स्वीकारलेल्या या योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. खेड्यातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते पंधरा दिवसांच्या आत देणे शासनावर बंधनकारक ठरले. खर्चासाठी इतर करांबरोबर शहरी पगारदारांवर व्यवसायकर बसविण्यात आला. दुष्काळ जाहीर होण्याची अटच येथे उरली नाही; काम मागणारा मजूर स्वतःच आपल्या गरजेची घोषणा करू लागला. संहितेपासून हक्कापर्यंतचे संक्रमण ते हेच. पुढे २००५ साली केंद्र सरकारने केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार होता.

६

हा इतिहास येथेच थांबविला तर तो एक सुखान्त कथा ठरेल. परंतु अन्नव्यवस्थेचा टिकाऊपणा हा केवळ मजुरीचा प्रश्न नाही. हमीच्या कामांतून मृद्‌संधारण व जलसंधारण व्हावे आणि काही वर्षांनी हमीची गरजच कमी व्हावी, अशी मूळ अपेक्षा होती. ती अंशतःच सफल झाली. अनेक ठिकाणी खडीचे ढीग पडून राहिले, तलाव गाळाने भरले; आणि ज्या जमिनींखाली पाणी वाढले त्यांचे मालक बहुधा मजूर नव्हतेच.

या विसंगतीवर बोट ठेवणारा प्रयोग १९७२ च्या दुष्काळातूनच जन्मास आला. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने असे तत्त्व मांडले की, पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे मिळावा, भूमिहीनालाही तो मिळावा आणि त्या पाण्यावर ऊस घेऊ नये. रोजगाराचा हक्क जसा मान्य झाला तसा पाण्याचाही व्हावा, ही ती मागणी होती. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पुढे ऊस व सिंचनासाठीच्या कूपनलिका यांना ग्रामसभेच्या निर्णयाने आवर घातला. राज्याचे सर्वसाधारण धोरण मात्र विरुद्ध दिशेने गेले. लागवडीच्या लहानशा भागावरील ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा घेऊ लागला. ज्वारीचे क्षेत्र उत्तरोत्तर आक्रसत गेले. आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. १८७७ मध्ये दुष्काळी दख्खनकडे धान्याच्या वाघिणी धावत होत्या. एकशेएकोणचाळीस वर्षांनी पाण्याच्या धावल्या.

७

या विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, दख्खनमध्ये उपासमारीवर मात झाली ती केवळ साठ्याने अथवा वाहतुकीने नव्हे, तर साठ्यावर गरिबाचा दावा प्रस्थापित झाल्याने. दुसरा, हा दावा राज्यकर्त्यांच्या औदार्यातून नव्हे तर मजुरांच्या प्रतिकारातून, सार्वजनिक सभेच्या निवेदनांतून आणि लोकशाहीतील दाबातून सिद्ध झाला. तिसरा, अन्नावरील हक्क हा जमीन व पाणी यांच्या न्याय्य वाटपावाचून अपुराच राहतो. मजुरी माणसाला एका दुष्काळातून तारून नेते, पण पुढील दुष्काळ टाळत नाही.

या विषयाच्या अभ्यासकांपुढे पुष्कळ काम पडून आहे. दुष्काळी कामांवरील हजेरीपट, तगाईच्या नोंदी, तालुका कचेऱ्यांतील पत्रव्यवहार व १९७२ च्या दुष्काळाची स्मृती सांगणारी वयोवृद्ध माणसे ही साधने दिवसेंदिवस विरळ होत आहेत. दुष्काळाचा इतिहास आजवर बहुधा अहवाल लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने लिहिला गेला. ज्यांनी खडी फोडली त्यांच्या दृष्टीने तो लिहिला जाईल तेव्हा वरील निष्कर्षांनाही दुरुस्तीची गरज भासेल, आणि ते इष्टच होईल.