इमारतीच्या पोटातून रेल्वे, वर मेंदूच्या प्रयोगशाळा! चार्ल्स कोरियांनी हे कसं जमवलं?

विद्यापीठाला प्रयोगशाळांची मोठी इमारत बांधायची आहे, पण मिळालेल्या जागेतूनच रेल्वेचा रूळ जातो. रूळ वापरात आहे, त्यावरून मालगाड्या जातात. मग काय करायचं?

अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटीसमोर हाच पेच होता. त्यातून २००५ मध्ये मेंदूविज्ञानाची इमारत उभी राहिली. 'इमारत क्रमांक ४६' ही तिची एमआयटीतली ओळख. मुंबईचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी बॉस्टनच्या गुडी क्लॅन्सी या फर्मसोबत तिचा आराखडा केला. कोरिया हे एमआयटीचेच माजी विद्यार्थी.

रूळ कुठे गेला?

तो जागेवरच आहे. ग्रँड जंक्शन नावाचा हा मार्ग जमिनीच्या पातळीवर इमारतीतून आरपार जातो. रुळाच्या दोन्ही बाजूंना बांधकाम आहे आणि वरचे मजले पुलासारखे त्यावरून जातात.

प्रश्न फक्त जागेचा नव्हता. गाडी गेल्यावर होणारी थरथर माणसाला जाणवणारही नाही, पण मेंदूतली एकेक पेशी दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकातलं चित्र तेवढ्यानेही धूसर होऊ शकतं. त्यामुळे पाया कसा असावा, खांब कुठे यावेत, नाजूक यंत्रं कुठे ठेवावीत, हे अशा इमारतीत कंपनांचा हिशेब करूनच ठरवावं लागतं.

मधोमध काय आहे?

या इमारतीत एमआयटीचा मेंदू व आकलनविज्ञान विभाग, मॅकगव्हर्न इन्स्टिट्यूट आणि पिकॉवर इन्स्टिट्यूट असे तीन शेजारी राहतात. प्रत्येकाला स्वतःची जागा हवी, पण संशोधकांची एकमेकांशी गाठही पडायला हवी. म्हणून रुळाच्या वर, तिसऱ्या मजल्यापासून थेट छतापर्यंत सुमारे ९० फूट उंचीचा चौक ठेवला आहे. वरून दिवसाचा उजेड येतो आणि ही जागा तिघांची सामायिक आहे.

पुण्याशी काय संबंध?

पुणे विद्यापीठाच्या आवारातली 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्थाही कोरियांनीच साकारली. तिथेही इमारतींच्या मधोमध पायऱ्यांचं कुंड असलेला चौक आहे. पुण्यात तो आभाळाखाली मोकळा ठेवता आला. केंब्रिजच्या हिवाळ्यात बर्फ पडतो, म्हणून तिथला चौक छताखाली आला.