सेंद्रिय कापूस : शिरूर कासारच्या शेतापासून कपड्याच्या लेबलपर्यंत

सेंद्रिय कापूस म्हणजे रासायनिक खते, रासायनिक कीटकनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे न वापरता पिकवलेला व तसे प्रमाणपत्र असलेला कापूस. म्हणजेच नुसती फवारणी बंद केली म्हणून कापूस 'सेंद्रिय' ठरत नाही.

पहिली अडचण : बियाणे

बीड जिल्ह्यातील सिंदफणा नदीकाठच्या शिरूर कासार तालुक्यात कोरडवाहू शेती जास्त आणि कापूस हे महत्त्वाचे नगदी पीक. देशात 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज देशातील सुमारे 90 टक्के कापूस बीटी आहे. सेंद्रिय शेतीत बीटी चालत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे पीए 255 (परभणी तुराब) यांसारखे देशी सरळ वाण हा एक पर्याय आहे. सरळ वाणाचे बी घरी राखता येते.

दुसरी अडचण : रूपांतराचा काळ

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षांचा रूपांतर काळ असतो. या काळात नियम सगळे पाळायचे, पण माल 'सेंद्रिय' म्हणून विकता येत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाला रोख पैसा लगेच लागतो. मग कापूस खेडा खरेदीत जातो आणि इतर मालात मिसळला की त्याची ओळख संपते. लहान शेतकऱ्यांना गट करून प्रमाणपत्र घेता येते; त्यामुळे खर्च वाटला जातो.

जिनिंगपासून पुढे

जिनिंग, सूतगिरणी, विणकाम आणि रंगाई या प्रत्येक टप्प्यावर माल वेगळा ठेवावा लागतो. तयार कपड्यासाठी जीओटीएस हे जागतिक मानक वापरले जाते. मालाच्या विक्रीसोबत व्यवहार प्रमाणपत्र लागते. 2020 मध्ये जीओटीएसने भारतातील बनावट व्यवहार प्रमाणपत्रे उघडकीस आणली; त्यांवर 20,000 टन कापूस 'सेंद्रिय' दाखवला होता.

लेबलवर काय पाहावे?

- जीओटीएसचे 'ऑरगॅनिक' लेबल : किमान 95 टक्के सेंद्रिय धागा.
- 'मेड विथ ऑरगॅनिक' : किमान 70 टक्के.
- प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव व परवाना क्रमांक. हा क्रमांक जीओटीएसच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

लेबलवरून धाग्याची खात्री होते, पण शेतकऱ्याला किती भाव मिळाला हे कळत नाही. कापूस कोणत्या शेतकरी गटाचा आणि रूपांतराच्या दोन वर्षांत त्याला जादा भाव दिला का, हे ब्रँडलाच विचारावे लागते. त्या दोन वर्षांचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडला, तर पुढच्या खरिपात तो पुन्हा बीटीकडे वळू शकतो.