उपचार होता, रुग्ण दिसत नव्हता

१९५२ साली 'पेडियाट्रिक्स' या अमेरिकी नियतकालिकात कर्नल ऑग्डेन ब्रूटन यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. ब्रूटन हे वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ होते. निबंधात आठ वर्षांच्या एका मुलाची हकिकत होती. चार वर्षांत त्याला एकोणीस वेळा सेप्सिस झाला होता आणि रक्तात वारंवार न्यूमोकॉकस हा एकच जंतू सापडत होता. ब्रूटन यांनी मुलाच्या रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करवून घेतली. आलेखात अल्ब्युमिनचा उंच कळस होता, अल्फा आणि बीटा ग्लोब्युलिनचे उंचवटेही होते. गॅमा ग्लोब्युलिनचा उंचवटा असायला हवा तेथे मात्र काहीच नव्हते.

प्रतिपिंडे असतात ती याच गॅमा विभागात. म्हणजे या मुलाचे शरीर प्रतिपिंडे तयारच करीत नव्हते. ब्रूटन यांनी दुसऱ्यांच्या रक्तातून वेगळे काढलेले गॅमा ग्लोब्युलिन त्याला महिन्यामहिन्याला टोचण्यास सुरुवात केली, आणि वारंवार होणारा सेप्सिस थांबला. आजार, त्याचे कारण आणि त्यावरचा उपचार एकाच निबंधात नोंदला जावा, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडले आहे.

हे नेमके तेव्हाच घडण्यामागे कारणे होती, आणि त्यातली एक थेट भौतिकशास्त्राशी निगडित आहे. विद्युत्क्षेत्रात प्रथिने आपापल्या विद्युत्भारानुसार निरनिराळ्या वेगाने सरकतात. या तत्त्वावर स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी १९३७ साली रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करणारे उपकरण सिद्ध केले, त्यासाठी त्यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एल्विन कॅबट यांच्यासह त्यांनीच १९३९ मध्ये प्रतिपिंडे गॅमा विभागात असतात हे दाखवले होते. दुसरीकडे महायुद्धात जखमी सैनिकांसाठी अल्ब्युमिन हवे होते. त्यासाठी हार्वर्डच्या एडविन कोन यांनी थंड अल्कोहोलच्या साहाय्याने रक्तद्रवाचे घटक सुटे करण्याची पद्धत बसवली, आणि अल्ब्युमिनच्या जोडीने गॅमा ग्लोब्युलिनही हाती आले. तिसरे कारण पेनिसिलिन. त्यापूर्वी अशी मुले पहिल्या-दुसऱ्या न्यूमोनियातच दगावत. एकोणिसाव्या आजारपणापर्यंत जगलेला मुलगा डॉक्टरांसमोर येणे हेच मुळी प्रतिजैविकांमुळे शक्य झाले. आजार जुनाच होता. तो दिसू लागण्यासाठी रुग्ण काही वर्षे जगणे आवश्यक होते.

या आजारांना आज प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी, म्हणजे प्राथमिक प्रतिकारक्षमता-न्यूनता म्हणतात. 'प्राथमिक' हा शब्द महत्त्वाचा आहे. एड्स, कुपोषण किंवा कर्करोगावरील औषधे यांमुळे प्रतिकारक्षमता नंतर ढासळते, येथे दोष जन्मतः जनुकातच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९७० मध्ये या आजारांचे पहिले वर्गीकरण केले तेव्हा ते मोजकेच होते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ही संख्या ४८५ वर पोचली. ब्रूटन यांच्या रुग्णाला असलेल्या आजाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले. ते एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून हा आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. आईकडून गर्भात मिळालेली प्रतिपिंडे पहिले काही महिने बाळाला राखतात. ती ओसरली, साधारण सहा महिने उलटले, की दुखणी सुरू होतात. घरचे लोक तेव्हा दात येत असल्याचे समजतात आणि डॉक्टर हवामानाला दोष देतात.

सर्वांत गंभीर प्रकारात प्रतिपिंडांबरोबर टी-पेशीही नसतात. त्याला स्किड म्हणतात. रॉबर्ट गुड यांच्या चमूने १९६८ साली मिनेसोटात अशा एका बाळाला त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा देऊन वाचवले. जगाच्या लक्षात मात्र राहिला तो ह्यूस्टनचा 'बबल बॉय'. जुळणारा दाता नसल्याने १९७१ साली जन्मल्यापासून तो प्लास्टिकच्या निर्जंतुक कक्षात वाढला. बारा वर्षांनंतर बहिणीची पूर्णपणे न जुळणारी मज्जा त्याला देण्यात आली. तिच्यात सुप्तावस्थेत असलेल्या एका विषाणूमुळे त्याला कर्करोग झाला आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये तो गेला. वृत्तपत्रांनी फुग्यातला मुलगा रंगवला, पण त्यामुळे एक गैरसमजही रुजला, की हा आजार म्हणजे लाखांत एखादी अद्भुत कहाणी. प्रत्यक्षात फुग्याविना, शाळेत जाणारी, दर दोन महिन्यांनी प्रतिजैविकांची बाटली संपवणारी मुले कितीतरी अधिक होती. त्यांच्याकडे पाहणारे कोणी नव्हते.

या ठिकाणी इतिहासात पालक येतात. अमेरिकेत मार्शिया बॉयल यांच्या मुलाला हा आजार असल्याचे निदान झाले, आणि १९८० साली त्यांनी इम्यून डेफिशियन्सी फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी केली. न्यूयॉर्कचे फ्रेड आणि व्हिकी मॉडेल यांचा मुलगा जेफ्री १९८६ मध्ये पंधराव्या वर्षी गेला. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच्या नावाने प्रतिष्ठान स्थापले. १९९२ मध्ये निरनिराळ्या देशांतील रुग्णसंघटनांनी मिळून 'इपोपी' हा आंतरराष्ट्रीय संघ केला. रुग्णसंघटना म्हटले की सहसा धीर देणाऱ्या सभा आणि निधी-संकलन डोळ्यांसमोर येते. या संस्थांचे खरे काम त्याहून शास्त्रीय स्वरूपाचे होते: रुग्ण कसा ओळखावा, या प्रश्नावर त्यांनी पद्धतशीर काम करवून घेतले.

जेफ्री मॉडेल प्रतिष्ठानाने 'दहा धोक्याच्या खुणा' जगभर पोचवल्या. वर्षात चार किंवा अधिक वेळा कान फुटणे, वर्षात दोनदा न्यूमोनिया, दोन महिने प्रतिजैविके देऊनही गुण न येणे, वजन न वाढणे, कुटुंबात असा आजार असणे, अशी ती यादी. दवाखान्याच्या भिंतीवर लावता येईल इतकी ती सोपी होती, हेच तिचे बळ. तिची परीक्षाही झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दहापैकी तीनच खुणा खऱ्या अर्थाने निर्णायक ठरल्या: कौटुंबिक इतिहास, सेप्सिससाठी शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागणे आणि वाढ खुंटणे. भारतीय डॉक्टरांच्या दृष्टीने ही टीका विशेष अर्थपूर्ण आहे. ज्या वस्तीत कुपोषणापायी निम्म्या मुलांचे वजन कमी आणि चुलीच्या धुराने न्यूमोनिया नेहमीचा, तेथे 'वाढ खुंटली' आणि 'दोनदा न्यूमोनिया' या खुणांनी कोणते मूल वेगळे उठून दिसणार? पार्श्वभूमीचा गोंगाट एवढा मोठा असेल तर संकेत त्यातच बुडतो.

म्हणून आजारपणाची वाटच न पाहता जन्मतःच चाळणी लावण्याची कल्पना पुढे आली. थायमस ग्रंथीत टी-पेशी घडताना तिच्या डीएनएचा एक तुकडा कापला जातो आणि त्याची दोन टोके जुळून एक चिमुकले वर्तुळ बनते. पेशी विभागली तरी या वर्तुळाची नवी प्रत निघत नाही, त्यामुळे रक्तातील वर्तुळे मोजली की नव्याने घडलेल्या टी-पेशींचा अंदाज येतो. टाचेतून कागदावर घेतलेला रक्ताचा वाळलेला थेंब त्यासाठी पुरतो. १ जानेवारी २००८ पासून विस्कॉन्सिन राज्याने प्रत्येक नवजात बालकाची ही तपासणी सुरू केली. त्या आरंभीच्या खर्चात मॉडेल प्रतिष्ठानाचाही वाटा होता. २०१० मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने चाचणीची शिफारस केली आणि २०१८ संपेपर्यंत सर्व ५० राज्यांत ती रूढ झाली. तीस लाख बालकांच्या तपासणीतून स्किडचे प्रमाण ५८,००० त एक असे निघाले. पूर्वी समजले जात होते त्याहून ते अधिक होते, कारण उरलेली मुले निदानाआधीच जात होती.

भारतात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख जन्म होतात. तेच प्रमाण धरले तरी स्किडची सुमारे चारशे बाळे दरवर्षी जन्मत असावीत, आणि नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत ते प्रमाण वाढते. राष्ट्रीय स्तरावर अशी चाळणी आपल्याकडे नाही. उलट येथे एक वेगळीच चाचणी नकळत होते. जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाला बीसीजी टोचले जाते. ती दुर्बल केलेल्या पण जिवंत जंतूंची लस आहे. निरोगी बाळाच्या दंडावर त्याची एक छोटी खूण उरते. स्किडच्या बाळात तेच जंतू काखेतल्या गाठींत, यकृतात, हाडांत पसरू शकतात. क्षयाने ग्रासलेल्या देशाला बीसीजी सोडता येत नाही आणि सोडूही नये. मात्र लशीच्या जागी न भरणारी जखम आणि काखेत वाढणारी गाठ दिसताच आधी प्रतिकारक्षमता तपासावी, ही जाणीव भारतीय बालरोगतज्ज्ञांत हळूहळूच रुजली.

चंडीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. सुरजित सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून या मुलांसाठी स्वतंत्र काम उभे केले. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत डॉ. मनीषा मडकईकर यांच्या चमूने निदानाची प्रयोगशाळा वाढवली. (याच केईएमच्या परिसरात डॉ. य. मो. भेंडे यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला, तोही १९५२ सालीच.) फ्लो सायटोमेट्रीसाठी रक्ताचा नमुना ताजाच लागतो, तो एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचला नाही तर निरुपयोगी ठरतो. केंद्रे मोजकी असताना दूरच्या जिल्ह्यातील बाळ प्रवासातच निदानाला मुकते. २०११ मध्ये या विषयातील भारतीय डॉक्टरांची 'इंडियन सोसायटी फॉर प्रायमरी इम्यून डेफिशियन्सी' स्थापन झाली. रुग्ण आणि पालकांची 'इंडियन पेशंट्स सोसायटी फॉर प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी' हीसुद्धा उभी राहिली, आणि ती इपोपीची सदस्य आहे.

या मोजक्या मुलांचा प्रश्न सगळ्या देशाच्या आरोग्याशी कसा जोडलेला आहे, हे पोलिओच्या निमित्ताने ध्यानात आले. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ लशीतही जिवंत विषाणू असतो. प्रतिपिंडे नसलेल्या मुलाच्या आतड्यात तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतो आणि बदलत बदलत पुन्हा घातक होऊ शकतो. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला, त्यानंतर हा विषाणू लपून राहू शकेल असे एक ठिकाण म्हणजे ही मुले. मुंबईच्या संशोधकांनी अशा मुलांच्या शौचाच्या नमुन्यांत पोलिओ विषाणू शोधण्याचे काम हाती घेतले आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. जे मूल कुणाच्या खिजगणतीत नव्हते, ते ओळखणे आता निर्मूलन मोहिमेची गरज ठरले.

सरकारी धोरणात हे आजार मार्च २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाने आले. एकदाच उपचार करून बरे करता येणाऱ्या आजारांच्या पहिल्या गटात स्किड, विस्कॉट-ऑल्ड्रिच आणि क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज यांच्यासाठीचे मज्जारोपण आहे. ब्रूटन यांच्या आजारासारखे, आयुष्यभर इम्युनोग्लोब्युलिन लागणारे आजार दुसऱ्या गटात ठेवले गेले. मे २०२२ मध्ये सर्व गटांसाठी ५० लाख रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद झाली, तीही निवडक उत्कृष्टता केंद्रांत. चंडीगडचे पीजीआय आणि मुंबईचे केईएम त्यांत आहेत. मज्जारोपणाला अशी ठरावीक रक्कम शोभते. दर महिन्याच्या औषधाचा हिशेब निराळा असतो.

शरीरात दिलेल्या प्रतिपिंडांचे अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे. म्हणून दर तीन ते चार आठवड्यांनी, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. १९८१ च्या सुमारास शिरेतून देण्याजोगे औषध अमेरिकेत आले आणि स्नायूंतील वेदनादायक इंजेक्शने मागे पडली, मात्रेचे गणित मात्र तेच राहिले. वीस किलोच्या मुलाला एका वेळी निदान आठ ग्रॅम हवे. एक लिटर रक्तद्रवातून साधारण चार ग्रॅम निघते, तेव्हा दोन लिटर रक्तद्रव झाले. एका रक्तदात्याकडून सुमारे २०० मिलिलिटर रक्तद्रव मिळतो असे धरले, तर एका मात्रेमागे दहा दाते उभे असतात आणि वर्षभरात दीडशेच्या आसपास. मूल साठ किलोचे झाले की हे सगळे तिप्पट.

हे औषध कारखान्यात संश्लेषणाने बनत नाही, ते माणसांच्या रक्तातूनच येते. प्रत्येक साठा हजारांवर दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून तयार होतो, त्यामुळे त्या समाजाने पूर्वी ज्या ज्या जंतूंशी सामना केला त्यांची स्मृतीच जणू त्या बाटलीत असते. भारतीय मुलाला भारतीय रक्तद्रवापासून बनलेले औषध मिळावे, यामागे म्हणूनच केवळ किंमत नाही. असे असूनही कित्येक रक्तपेढ्यांत लाल पेशी वापरल्या जात आणि रक्तद्रव मात्र शिल्लक पडे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने हा अतिरिक्त रक्तद्रव औषधनिर्मितीसाठी देण्यास वाट करून दिली आणि त्याचे विनिमय मूल्य लिटरला १,६०० रुपये ठरवले. २०२० मध्ये कोविडमुळे जगभर रक्तद्रवाचे दान घटले. त्यानंतर मुलांमधील कोविडोत्तर दाहासाठी हेच औषध मोठ्या मात्रेत वापरावे लागले, किलोमागे दोन ग्रॅमपर्यंत. ज्यांचे महिन्याचे जगणे त्या बाटलीवर होते, त्या घरांना तिची वाट पाहावी लागली, आणि अर्धायुष्याचे घड्याळ तीन आठवड्यांच्या हिशेबानेच चालत राहिले.